गुरुवारी येणारा बेत

बेत गुरुवारी आला आणि वहिनी शनिवारी गेल्या. मधल्या शुक्रवारी मी काय केलं ते आठवत नाही. मालधक्क्यावर उभं राहून पोती उतरवून घेतली असतील, खानावळीत जेवलो असेन. शनिवारी दुपार व्हायच्या आत कर्जतच्या माल ऑफिसातला फोन वाजला. खोपोली स्टेशनातला ओळखीचा बाबू बोलत होता. म्हणाला, "तुमच्या वहिनींना पान लागलं. आहात तसे निघा." आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, आणि तो कुणाला डसला असेल तर मुळीच नाही, पान लागलं म्हणतात. मी विचारलं, "आहेत ना?" तिकडून नुसती घरघर ऐकू येत राहिली, तेव्हा मी फोन खाली ठेवला. त्यानंतर माझ्या मनात आलेला पहिला विचार इथे लिहितो, कारण तो वगळायचा तर बाकीचं लिहिण्यात काही राम नाही. पहिला विचार आला तो वालांचा. वाल भिजवून झाले, फडक्यात बांधून झाले, आता त्यांना मोड फुटत असतील... मग ते सोलणार कोण?

आमचं घर खालापूरचं. आई-वडील लवकर गेले, आणि वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होतो. पुढे रेल्वेत चिकटलो, कर्जतला खोली घेतली, लग्न काही झालं नाही. सहा दिवस खानावळीत जेवायचं आणि रविवारी सकाळची खोपोलीची गाडी धरून, पुढे चालत घरी जायचं, असं बरीच वर्षं चाललं. रविवारी घरी काय शिजणार हे मला गुरुवारीच कळायचं, कारण वहिनी तसा निरोप धाडत. निरोप आणायची भिकीबाई. ती गावातलीच, भाजीची पाटी घेऊन गुरुवारी कर्जतला यायची, आणि बाजारात जायच्या आधी मालधक्क्यावर पाटी टेकवून सगळ्यांदेखत खड्या आवाजात सांगायची, "बाबू, वयनीनी सांगितलंय, ऐतवारी बिरडं हाय. तांदलाच्या भाकऱ्या हायत. आनि एक जिन्नस सांगायचा नाय म्हनली." हा न सांगायचा जिन्नस दर खेपेला असायचाच. वहिनी सगळा बेत उघड करत आणि एक पदार्थ झाकून ठेवत. हमाल पोती खाली ठेवून ऐकत बसायचे. त्यातला एक तर शुक्रवारी मला विचारायचा, काय साहेब, ओळखला का जिन्नस?

मी एकदा वहिनींना म्हटलं, "एवढा निरोप कशाला धाडता? मी येणारच असतो, जे वाढाल ते खाणारच असतो." तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जेवण काय भावजी, घटकाभरात संपतं. आधी कळलं की चार दिवस खाता येतं." लढाईच्या वर्षांत त्यांचं हे म्हणणं फार कामाला आलं. शेतातला भात सरकारच्या लेव्हीत जायचा, रेशनवर तांबडी ज्वारी मिळायची आणि तांदळावर वाढलेल्या आमच्या लोकांना तिची भाकरी थापताही येत नव्हती. आमची परिस्थिती आधीच बेताची. पण गुरुवारचा बेत काही चुकला नाही. एका गुरुवारी भिकीबाई गव्हल्यांची खीर सांगून गेली. रविवारी पाहतो तो ताटात नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी. मी भाकरी मोडली. वहिनीच म्हणाल्या, "बेत मोठा केला होता भावजी, सामान लहान निघालं." दादा खाली मान घालून जेवत होता, त्याला ठसका लागला. दादाचं हसणं तेवढंच असायचं.

दादाविषयी सांगायला हवं. माझा भाऊ माझ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. त्याला बोलताच येत नाही असं वहिनी म्हणायच्या. तो मोठा, वडिलांच्या जागी, मी धाकटा. काय बोलायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. जे काही असेल ते वहिनींमार्फत. आम्ही दोघं समोरासमोर पाटावर बसलेलो, आणि तो चुलीकडे तोंड करून म्हणायचा, "त्याला विचार, भात हवा का." वहिनी म्हणायच्या, "अहो, ते तुमच्या नाकासमोर बसलेत. विचारा की." तो विचारायचा नाही. मग वहिनी मला विचारायच्या, मी हो म्हणायचो, आणि त्या दादाला सांगायच्या, "हवाय म्हणतात." असा तो कारभार. माझी नोकरी कायम झाली हेसुद्धा मी वहिनींनाच सांगितलं, दादा दोन हातांवर बसलेला असताना. त्याने पुढचा भात कालवला.

आणि करटोली. भादव्यात आमच्या परसातल्या कुंपणावर करटोल्यांचे वेल चढतात. करटोली म्हणजे कारल्याची धाकटी बहीण समजा, पण कडू नाही. मला ती इतकी आवडतात की शाळेत असताना मी मधल्या सुट्टीत घरी येऊन गार भाजी खात असे. दादा करटोलं तोंडात घालत नाही. अंगावर काटे आहेत म्हणे. लहानपणापासून घालत नाही. वहिनींनी पातळ कापून, चुरचुरीत परतून, खोबरं पेरून, सगळं करून पाहिलं. दादा एकेक चकती उचलून ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवायचा. वहिनी मला म्हणायच्या, "बघा भावजी, ह्यांनी ताटात कुंपण घातलं." दर वर्षी हेच म्हणायच्या, आणि दर वर्षी मला हसू यायचं.

त्या शेवटच्या गुरुवारचा बेत असा होता: वालांचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, तवसाची, म्हणजे मोठ्या काकडीची, गोड भाकर, आणि एक जिन्नस सांगायचा नाय. दिवस भादव्यातले होते. हा जिन्नस मी गुरुवारीच ओळखला होता, आणि हमालालाही सांगून टाकला होता. शनिवारी सकाळी वहिनी परडी घेऊन परसात गेल्या, रात्रीच्या पावसाने कुंपण ओलं होतं, आणि वेलाखाली त्यांनी हात घातला... बैलगाडी खोपोलीच्या डॉक्टरांपर्यंत पोचलीसुद्धा नाही म्हणतात. दादाने वाटेतूनच मागे वळवली.

मी पोचलो तेव्हा वहिनींना ओटीवर ठेवलं होतं. माणसं जमली होती. दादा खांबाला टेकून बसला होता, मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. मला रडू आलं नाही. त्याला आलेलं दिसलं नाही. आतल्या दारात गावातल्या बायका बोलत होत्या. दुष्टाव्याने नव्हे, बायका अशा वेळी बोलतात तसं. एक जण म्हणाली, "रविवारच्या बेतापायी जिवावर बेतलं गं बाईच्या." दुसरी म्हणाली, "दिराला करटोली आवडतात ना, म्हनून गेली कुंपनात." शब्द न् शब्द ओटीवर ऐकू आला. मी ऐकला तसा दादानेही ऐकला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे पाहतोय का, हेही पाहिलं नाही. स्वयंपाकघरातल्या खुंटीवर वालांचं गाठोडं लटकत होतं, हळदीचे डाग पडलेल्या त्याच जुन्या फडक्यात. पुढे सुतकात चूल पेटली नाही आणि ते तिथेच राहिलं. मोड बोटभर लांब होऊन फडक्याबाहेर आले, वास सुटला, तेव्हा शेजारच्या काकूंनी गाठोडं परसात नेऊन रिकामं केलं आणि फडकं धुऊन दोरीवर टाकलं.

तेरावं होईपर्यंत मी घरी होतो. काकू जेवण आणून द्यायच्या आणि आम्ही दोघे समोरासमोर जेवायचो. एकदा दादा सवयीने चुलीकडे वळला आणि म्हणाला, "त्याला विचार..." एवढं बोलून थांबला. भात कालवत राहिला. मीही कालवत राहिलो. तेरावं झाल्यावर मी पिशवी उचलली, त्याच्या पाया पडलो, तो "हं" म्हणाला. मी कर्जतला आलो आणि कामावर रुजू झालो. साहेबांनी विचारलं, बरे आहात ना? म्हटलं, बरा आहे. ते खोटं नव्हतं. दात काढल्यावर गालाला हात लावावा आणि तो दुसऱ्याचा वाटावा, तसा होतो मी. दुखत काही नव्हतं.

रविवार आला तेव्हा मात्र कळेना, काय करायचं. खोपोलीची गाडी माझ्या डोळ्यांसमोर सुटली. घर माझं होतं, पण त्या घरात मला बोलावणारं माणूस गेलं होतं, आणि राहिलेल्या माणसाने ओटीवर ते वाक्य ऐकलं होतं. मला दादाची भीती वाटत होती, हे सरळ सांगतो. तो मारेल, बोलेल अशी नव्हे. तो काहीच बोलणार नाही, आणि मरेपर्यंत मला कळणार नाही की माझ्या जेवणापायी त्याची बायको गेली असं तो धरून चाललाय की काय, याची. मी खानावळीत जेवलो. रविवारी तिथे गोड असतं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. भिकीबाई गुरुवारी यायची, पण धक्क्यावर पाटी टेकवायची नाही. एकदा लांबूनच आली, माझ्या हातात एक काकडी ठेवली आणि गेली. हमालांनी पोत्यांकडे तोंडं केली.

मग दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी तिने पाटी टेकवली. आवाज खाली होता. म्हणाली, "बाबू, दादानी सांगितलंय, ऐतवारी जेवायला ये. वाल भिजत घालतो म्हनला." मी विचारलं, "आणखी काय म्हणाला?" ती म्हणाली, "आनखी काय म्हननार? येवढं बोलला तेच लय झालं." पाटी डोक्यावर घेतली, दोन पावलं गेली आणि वळली. "हां. आनि एक जिन्नस सांगायचा नाय म्हनला."

रविवारी मी गेलो. दादा चुलीपुढे उकिडवा बसला होता, डोळे धुराने लाल. चुलीपाशी तो बसलेला मी जन्मात पाहिला नव्हता. परातीत वाल होते आणि तो त्यांच्याकडे पाहत होता. त्याने ते शनिवारी रात्री भिजत घातले होते. वहिनी शुक्रवारी सकाळी घालायच्या, रात्री बांधायच्या, रविवारी सकाळी मोड आलेले गरम पाण्यात टाकून सोलायच्या. एवढी वर्षं आम्ही दोघांनी ते बिरडं खाल्लं, मला गाठोडं आणि मोड तेवढे ठाऊक होते, पण वाल कधी भिजवायचे हा हिशोब एकालाही माहीत नव्हता. वाल टणक होते. साल निघत नव्हती. मी शेजारी बसून पाच-सहा नखाने सोलून पाहिले, नख दुखलं. दादाने वाल निथळले, दोरीवरचं ते हळदीचं फडकं आणलं, त्यात बांधले आणि गाठोडं खुंटीला टांगलं. गाठ त्याला नीट जमली नाही, पाणी भिंतीवर ओघळत राहिलं.

मग त्याने दोन पाट मांडले. भात होता, थोडा लागलेला. वरण होतं. आणि त्याने तिसऱ्या पातेल्यावरचं झाकण काढलं. त्यात करटोली होती. मोसमाच्या शेवटची, बिया कडक झालेली, जाड-जाड कापलेली, एका बाजूने करपलेली. परसातल्या कुंपणाखालचं सगळं गवत कोयत्याने छाटून टाकलेलं मी येताना पाहिलं होतं. वेल तेवढे ठेवले होते. त्याने मला वाढली. मग स्वतःच्या ताटात वाढून घेतली, माझ्याहून जास्त.

मी घास घेतला. मीठ जास्त झालं होतं. दादाने चुलीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "करटोली मी सांगितली होती तिला. मला खावीशी वाटली होती. तू नव्हतं सांगितलंस."

मी म्हटलं, "बरं."

त्याच्या तोंडून माझ्यासाठी निघालेलं इतकं लांब बोलणं मला आठवत नाही. रडू तेव्हाही आलं नाही. येईल म्हणतात. हे छापलेला अंक रविवारी तुमच्या हातात पडेल तेव्हा तुमच्या घरी काही शिजत असेल. मला विचाराल तर ते आधी कुणाला तरी कळवून ठेवावं, यापलीकडे सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. आम्ही जेवत होतो. खुंटीवरून पाणी ठिबकत होतं. दादा म्हणाला, "मोड उद्या येतील. राहा." मी म्हटलं, राहतो. तो मान खाली घालून एकेक फोड चावत होता, सावकाश, औषध घ्यावं तशी. ताक ओतताना मी त्याच्या ताटाकडे पाहिलं. कडेला एकही चकती नव्हती.