आईचं एक पद आणि दीडचा मॅटिनी

बेंगळुरूच्या भर बाजारपेठेत एक जुनं थिएटर होतं. मुळात नाटकांसाठी बांधलेलं, म्हणून सिनेमाच्या पडद्यामागे खरंखुरं स्टेज. आठवडाभर तिथे कन्नड सिनेमे लागत, पण रविवारी सकाळी ते भाड्याने मिळायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमचं मराठी मंडळ वर्षातून एकदा तिथे संगीत नाटक करी. अट एकच: दीडच्या मॅटिनीआधी स्टेज रिकामं.

त्या वर्षी नाटकात आई होती. नायिकेची थोरली बहीण, तिसऱ्या अंकात प्रवेश, वाट्याला एकच पद. त्यासाठी तिने चार महिने मल्लेश्वरमच्या आमच्या घरात पोळ्या लाटता लाटता ताना घेतल्या. मी तेरा वर्षांची. "अम्मा रोज कोणावर ओरडते गं?" असं शेजारच्या अक्कांनी विचारल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घोळ घातला तो आमच्याच लोकांनी. वर्षभर घरात कोंडलेली हौस त्या सकाळी मोकळी सुटायची, त्यामुळे प्रत्येक पदाला वन्समोर. नायक झालेले मंडळाचे अध्यक्ष तर वन्समोर मिळायच्या आतच पेटीवाल्याला खूण करत. दुसरा अंक संपला तेव्हा एक वाजून गेला होता.

आईला चहा द्यायला मी मेकअपच्या खोलीत गेले, तर थिएटरचे मॅनेजर बाबांना घाईघाईने घड्याळ दाखवत होते. "स्वल्प बेग, सर!" जरा लवकर. बाबा मंडळाचे सेक्रेटरी, शिवाय सरकारी कारखान्यातले इंजिनिअर. वेळ म्हणजे वेळ. त्यांनी पेन काढलं आणि नाटकाच्या वहीतलं आईचं पद सरळ खोडलं.

"अध्यक्षांची तीन पदं आहेत या अंकात," आई म्हणाली.

"अगं, त्यांना कसं सांगायचं?"

"मला कसं सांगितलंत?"

आईने चहाला हातसुद्धा लावला नाही. मग बाबा मॅनेजरकडे वळले आणि आपल्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणाले, सिनेमाचे लोक उन्हात उभे आहेत, त्यांना आत घ्या, आमचं संपेपर्यंत बघतील. जन्मात कधी नियम न मोडलेला माणूस! मॅनेजरांनी कपाळाला हात लावला, पण शेवटी "सरी" म्हणाले.

तिसरा अंक चालू असतानाच दारं उघडली. बाल्कनी भरली, शिट्ट्या सुरू झाल्या. आमच्या बायका मागे वळून शुक् शुक् करत होत्या. खाली माझ्या शेजारच्या खुर्चीत एक माणूस शेंगदाण्याची पुडी घेऊन बसला. एवढ्यात आई स्टेजवर आली.

पहिल्या ओळीला तिचा आवाज कापला. मग तिने मान वर केली आणि थेट बाल्कनीकडे बघून गायला लागली. हळूहळू शिट्ट्या थांबल्या. शेंगदाणे खाणंही थांबलं. पद संपलं, आणि वरून, एकही शब्द न कळलेल्या त्या गर्दीतून आरोळी आली, "वन्स मोर!"

आईने विंगेत बाबांकडे पाहिलं. बाबांनी घड्याळाचा हात पाठीमागे घेतला आणि मान डोलावली.

ती पुन्हा गायली. शेजारच्या माणसाने मला हळूच विचारलं, "यारु अवरु?" कोण आहेत या?

"नम्म अम्मा!" मी म्हणाले, इतक्या मोठ्याने की पुढच्या तीन रांगांनी वळून पाहिलं.