खांद्यावरचा पट्टा

माझ्या सासूबाईंनी बत्तीस वर्षं पट्टे जुळवले. बंदरामागच्या गल्लीत खलाशांच्या आडव्या पट्ट्यांच्या जर्सी शिवण्याचा कारखाना आहे, तिथे त्या बाह्या जोडायच्या. अंगावरचा निळा पट्टा बाहीच्या निळ्यालाच मिळाला पाहिजे, सूतभरही इकडेतिकडे नाही. त्यासाठी दर दुसऱ्या पट्ट्याला टाचणी. घाई केली की कापड ताणतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणजे खलाशीच. पुढे त्यांना कंपनीचे गणवेश मिळाले आणि जर्सी सुट्टीवर फिरायला येणाऱ्यांनी उचलली. मग कॉलेजच्या मुलींनी, मग तान्ह्या बाळांच्या आयांनी. जर्सीचा टी-शर्ट झाला. निळ्याचे लाल, हिरवे पट्टे झाले, बोटभर रुंद झाले. ज्यांनी जन्मात होडीत पाय ठेवला नाही, तेही खलाशी दिसू लागले. सासूबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. कोणी का घालेना, पट्टा सरळ हवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

मालक थकले, मुलगा कारभार बघू लागला. तो घड्याळ घेऊन त्यांच्या मशीनपाशी उभा राहिला. एका बाहीला अकरा मिनिटं.

"काकू, चार मिनिटांत व्हायला हवी. टाचण्या सोडा. खांद्याकडे कोण बघतंय?"

"मी बघते."

"मग बाह्या दुसऱ्या कोणाला तरी देतो. आठवडाभर विचार करा."

सासूबाईंना नोकरी जायला नको होती, आणि वाकडा पट्टा आपल्या हातून जायला नको होता. मी शहाणपणा शिकवायला गेले, "अहो आई, द्या ना उरकून. जगाचा मक्ता तुम्ही घेतलाय का?" दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण मत काही बदललं नाही.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. पगार कमी चालेल, पण पॅकिंगला बसवा. निदान वाकडं शिवायला तरी नको. मालकाचा मुलगा लगेच हो म्हणाला.

पॅकिंगचा पहिला दिवस झाला. घरी जेवताना त्यांनी सांगितलं. सगळ्या मशीनवरचा माल आता त्यांच्याच टेबलावर येतो. पूर्वी दिवसाला चाळीस बाह्या हातून जायच्या, आता आठशे टी-शर्ट, आणि एकाचाही पट्टा जुळलेला नाही. मालकाच्या मुलाने मात्र सगळ्यांसमोर कौतुक केलं म्हणे, इतकी सुबक घडी कोणालाच जमत नाही.

"खांदे आत दुमडते मी," त्या म्हणाल्या. "दिसायला नकोत कोणाला."