पश्चिमेचं स्वयंपाकघर

मी आर्किटेक्चरच्या कॉलेजात हवामान आणि इमारत हा विषय शिकवतो. पेपरात एक प्रश्न हमखास असतो: आपल्याकडच्या कोरड्या, उष्ण भागात स्वयंपाकघर कोणत्या दिशेला नसावं? पश्चिमेला, असं लिहिलं की मी पूर्ण गुण देतो.

मुरूमला माझ्या थोरल्या बहिणीचं घर मीच काढलं. तेव्हा नुकताच पास झालो होतो आणि अंगात वारं शिरलं होतं. त्यांचं जुनं घर माळवदाचं, हातभर जाड मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं छत. ते पाडलं. नकाशा दाजींना दाखवला, त्यांनी मान डोलावली. दर्शनी बाजू रस्त्याकडे, पूर्वेला. ती देखणी व्हावी म्हणून हॉल पुढं आला आणि स्वयंपाकघर मागं पश्चिमेला गेलं. ओट्यासमोर भिंतभर काच. गवंडी म्हणाला होता, "सायेब, खिडकी बारकी ठिवा, उन्हाचं तोंड हाय तिकडं." मी त्याला उजेडाचं महत्त्व समजावून सांगितलं. बिचाऱ्यानं ऐकून घेतलं.

पुढं मी तिथं गेलो तो भाऊबीजेला, नाहीतर संक्रांतीला. मावळतीचं ऊन ओट्यावर यायचं आणि बरं वाटायचं. आमच्या अभ्याससहलीसुद्धा थंडीतच निघतात, कारण मे महिना उत्तरपत्रिकांचा. उन्हाळ्यावर व्याख्यानं देणारे आम्ही सगळे गावं पाहतो ती स्वेटर घालून.

एका वर्षी मेमध्ये उमरग्याला लग्न होतं. तिथून न कळवता अक्काकडे गेलो. स्वयंपाकघराला बाहेरून कडी होती आणि काचेला आतून पोती लावलेली. अक्का मागच्या गोठ्यात भाकरी थापत बसली होती. गोठ्याचं माळवद तेवढं पाडायचं राहून गेलं होतं.

"इथं कधीपासून करतेस?"

"पैल्या उन्हाळ्यापासनं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू काढलंस न्हवं घर," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मला लाज वाटली. ती अजून पुरती गेलेली नाही.

पुढच्या वर्षी मी सहल मेमध्ये नेली, मुरूमलाच. प्राचार्य कुरकुरले, पालकांचे फोन आले. माझ्या बहिणीचं घर आहे, एवढंच मी मुलांना सांगितलं होतं. दुपारी तीनला त्यांनी एक थर्मामीटर स्वयंपाकघरात ठेवला, एक गोठ्यात. आकडे जुळवताना काहीतरी चुकलंय असं वाटून त्यांनी दोन्हीकडे पुन्हा मोजलं. चुकलं नव्हतं.

एका मुलीनं अक्काला विचारलं, "या घराचा नकाशा कुणी काढला?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गवंड्यानं. अडाणी मानूस, त्येला काय कळतंय."

वह्यांवर पेनं चालू लागली. माझ्या शेजारच्या मुलानं लिहिलं, प्रशिक्षित आर्किटेक्टचा सल्ला घेतला नाही. अक्षर सुरेख होतं. गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. अक्कानं ती सोय करून ठेवली होती. पण तो गवंडी दोन गल्ल्या पलीकडेच राहतो, आणि त्यानं बिचाऱ्यानं खिडकी बारकी ठेवा म्हणून सांगितलं होतं.

"गवंड्यानं नाही," मी म्हणालो. "मी काढला."

पेनं थांबली. अक्कानं पदराला हात पुसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्या घराविषयी मोकळं बोलली.

"मग लिवा की," ती मुलांना म्हणाली. "अन् ह्येबी लिवा. भाकरी करनार मी, अन् तुमच्या सरानं इचारलं ते माझ्या मालकाला."