गाठीचा स्वभाव

रुचिरा परबचा उजवा पाय टेबलाखाली सतत हलत असतो. शेजारच्या खुर्चीत मी, म्हणून माझा चहाही हलतो. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे रिपोर्ट वाचतो आणि विम्यासाठी प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड देतो. पोटातल्या, आतड्यातल्या गाठी रुचिराकडे.

या गाठींची एक पंचाईत असते. काही साध्या, काही कॅन्सरच्या, आणि काहींबद्दल पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही लिहितो, की हिचा स्वभाव नक्की सांगता येत नाही. त्यांचा कोड वेगळा. नवी पोरं काय करतात, रिपोर्ट यायचा असला तरी तोच कोड ठोकून मोकळी होतात. मग रुचिराचा पारा चढतो.

"तुला माहीत नाही म्हणून ते अनिश्चित होत नाही रे! डॉक्टरने बघून 'सांगता येत नाही' म्हटलं, तरच ते अनिश्चित. आपल्या मनाचं घालायचं नाही, कळलं?"

अख्खा मजला ऐकतो. आणि तिचं बरोबर असतं, हीच तर कटकट आहे.

गणपतीनंतर तिच्या आईच्या, विमलाकाकूंच्या, मोठ्या आतड्यातली गाठ दुर्बिणीतून काढली. रिपोर्ट आला : स्वभाव अनिश्चित. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून ती जागा बघू, मग पुढचं ठरवू. काकू म्हणाल्या, "कॅन्सर नाय मा? मग झालां. मी गावाक जातंय." परत ती नळी नको, ते पोट साफ करायचं घाणेरडं औषध नको. दिंडोशीतल्या त्यांच्या घरात रोज हाच वाद, आणि इकडे माझा चहा रोज सांडायचा.

"आज सांगूनच टाकते, कॅन्सर आहे म्हणून," एका संध्याकाळी रुचिरा म्हणाली. "घाबरली की येईल गुपचूप. तू चल ना यार, एकटीने नाही जमणार मला."

मला राग आला. पोरांवर ओरडणारी हीच का ती? पण काकू एकदा गावी गेल्या की परत यायच्या नाहीत, आणि त्या जागी उद्या काही वाईट निघालं तर? मीही पर्स उचलली.

घरी काकू फणफणत होत्या, पण आमच्यावर नाही, देवावर. गावी यावं की नाही, हे विचारायला त्यांनी गावातल्या दिराला देवळात कौल लावायला सांगितलं होतं. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांचे ओले कळे चिकटवतो. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही.

"उजवो पडलो नाय, डावो पडलो नाय," काकू म्हणाल्या. "सकाळपासून चिकटान बसलो हा मेलो."

रुचिराचा पाय थांबला. ते खोटं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं, मला दिसत होतं.

"मग गावाला काय करतात गं, कळा पडलाच नाही तर?" तिने विचारलं.

"करतत काय? देवाक सोडून घराक थोडेच जातत? थयच बसान रवतत, नजर ठेवन."

"मग तूही थांब ना, आई. तुझाही कळा पडलेला नाही. डॉक्टरांनी नीट बघितलं, तरी त्यांना सांगता येत नाही. मलाही नाही सांगता येत."

काकू खाटेवर तिच्या शेजारी येऊन बसल्या. "तू कॅन्सर म्हणान सांगूक इल्लंस ना? दारातच तुझ्या तोंडार दिसला."

रुचिराला रडू फुटलं. "मला भीती वाटते गं."

"माका काय वाटना नाय? म्हणान तर गावाक पळत होतंय." काकूंनी तिच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला. "रवतंय मी. पण ह्या घरात तुझो पाय हलता कामा नये. माझी खाट हलता."

पुढच्या दुर्बिणीची तारीख घेऊन झाली आहे. घरी पाय हलत नाही म्हणे. तो सगळा आता ऑफिसात हलतो. मी कप हातात धरून बसते.