तेहेतीस अंश

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सरांना नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. टेम्परेचर प्रोबची वायर माझ्या हातून तुटली होती. ती तुटलेली आहे हे मला माहीत असताना मी महिनोन् महिने फॉर्मवर तापमान लिहीत होतो.

भिवंडीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी न्यूरो टेक्निशियन आहे. हातापायाच्या नसांना बारीक करंट द्यायचा आणि स्नायू कसा उत्तर देतो ते मशीनवर बघायचं, हे माझं काम. डॉक्टर नव्हे. पण पांढरा कोट घालतो, आणि कोणी डॉक्टर म्हटलं तर दुरुस्त करत नाही. माणूस कसा आहे ते यावरून कळावं.

मुंबईहून दर गुरुवारी एक मोठे न्यूरॉलॉजिस्ट यायचे. त्यांचा रिसर्च प्रोजेक्ट आमच्याकडे चालू होता. विषय, मायस्थेनिया ग्रेव्हिस आणि त्याच्या जवळचे आजार लवकर कसे ओळखायचे. हा आजार साध्या भाषेत सांगतो. गोदामाच्या डॉकवर माल घेऊन ट्रक येतात, तसे नसेकडून स्नायूकडे निरोप येतात. या आजारात शरीरच आपल्या डॉकची बरीचशी शटरं बंद करून टाकतं. पहिले काही ट्रक रिकामे होतात, मग खोळंबा. म्हणून रुग्ण सकाळी ठणठणीत असतो आणि दुपारनंतर त्याची पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, घास गिळवत नाही.

त्याची आमची टेस्ट अशी. नसेला एका सेकंदात तीन या वेगाने दहा शॉक द्यायचे. स्क्रीनवर दहा उंचवटे येतात. निरोगी माणसाचे दहाही सारखे. मायस्थेनियात पहिल्यापेक्षा दुसरा बुटका, दुसऱ्यापेक्षा तिसरा, जिना उतरल्यासारखे. एकच अट, हात गरम पाहिजे. थंड हातात निरोप जास्त वेळ टिकतो, अर्धवट शटरांतूनही माल आत जातो, आणि जिना दिसतच नाही. म्हणून नियम होता, प्रोब चिकटवून कातडीचं तापमान मोजा, बत्तीसच्या खाली असेल तर हात शेका, मग टेस्ट करा. शेकायला गरम पाण्याची पिशवी कपाटात होती. तिच्यावर मी माझा डबा ठेवायचो.

सुनंदाताई भोईर आल्या त्या अशाच एका गुरुवारी, सकाळी दहाला. पस्तिशीच्या. वळ गावच्या. वडपेला गोदामात पॅकिंगला. खोके वरच्या रॅकवर ठेवताना दुपारनंतर हात खाली पडायचे आणि डावी पापणी मिटायची. सोबत नवरा बाळाराम, टेम्पो चालवणारा.

"काय होतं नक्की?" मी विचारलं.

"सकाली काय न्हाय, भाऊ. जेवनाच्या सुट्टीनंतर सुपरवायझर दोन दिसतान. एक सोसवत न्हाय, त्यान दोन!"

बाळाराम हसला नाही. "सायेब, हिला झोप येते ड्युटीवर, तुमी बघा जरा. लोकं बोलतान, नाटकं करते."

माझ्या खोलीत एसी अठरावर. मशीन महागाचं आहे म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं तर मला उकाडा सोसत नाही. इलेक्ट्रोड चिकटवताना तिचा हात लागला. गार पडला होता.

"हात बर्फ झालाय तुमचा, ताई."

"तुमच्या खोलीन मासली ठेवली तर आठ दीस खराब व्हायाची न्हाय," ती म्हणाली.

मी हसलो. त्या बाईने, जिला माझ्या मशीनचं नावही माहीत नव्हतं, तिने माझी चूक मला एका वाक्यात सांगितली होती. कपाट दोन पावलांवर होतं. बाहेर पुढचा पेशंट बसला होता. मी टेस्ट केली. दहाही उंचवटे सारखे आले. तापमानाच्या रकान्यात मी ३३ लिहिलं. नेहमी तेच लिहायचो. वायर तुटल्याचं सांगितलं असतं तर सर सगळ्यांसमोर बोलले असते, आणि मला बोलून घेणं आवडत नाही. एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही शोधू नका, नाहीच आहे.

सरांनी रिपोर्ट बघितला. पेशंटकडे बघितलं असेल, मला आठवत नाही. सकाळचे अकरा वाजत होते, पापणी अर्थातच उघडी होती.

"नॉर्मल आहे. टेन्शन घेता का घरी?"

"टेन्शन कोनाला न्हाय, डॉक्टर?"

"बघा, म्हणजे आहेच." सरांनी शांत राहण्याची गोळी लिहिली. प्रोजेक्टमध्ये टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्यांचंच रक्त अँटिबॉडी तपासायला मुंबईला जायचं. सुनंदाताई यादीतून बाद. जाताना सर मला म्हणाले, "देसले, तुमचे फॉर्म बघायला बरं वाटतं. एकही रकाना रिकामा नसतो." न्यूरॉलॉजीतला एवढा मोठा माणूस, आणि प्रत्येक पेशंटच्या हाताचं तापमान तेहेतीसच कसं, हा प्रश्न त्याला पडला नाही. आमची जोडी शोभत होती.

माझ्या रिपोर्टचं पुढे काय झालं ते नंतर कळलं. बाळारामने त्याचा फोटो काढून सुपरवायझरला पाठवला. बायकोची बाजू मांडायला नव्हे, तर आता हिला काही झालेलं नाही, कामावर ठेवा, म्हणून. सुपरवायझरने तो गोदामाच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर पापणी पडली की लोक म्हणायचे, "नॉर्मल, नॉर्मल." तिचं नावच ते पडलं. महिन्याभरात तिला कामावरून काढलं.

चार महिन्यांनी दुपारी कॅज्युअल्टीतून फोन आला, पोर्टेबल मशीन घेऊन या. स्ट्रेचरवर सुनंदाताई. दोन्ही पापण्या मिटलेल्या, जबडा लोंबलेला, लाळ गिळवत नव्हती. खोकला झाला म्हणून गावाकडच्या डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं होतं. काही अँटिबायोटिक या आजारात उरलीसुरली शटरंही पाडतात. निदान झालेल्या पेशंटला आम्ही एक कार्ड देतो, कोणती औषधं चालत नाहीत त्याचं. हिच्याकडे कार्ड नव्हतं. हिच्याकडे माझा रिपोर्ट होता. बाळारामने तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता.

ड्युटीवर डॉ. मोमीन होती. इथलीच मुलगी, नुकती पास झालेली. ऑक्सिजन लावून, भूलतज्ज्ञांना बोलावून ती वाकली.

"ताई, एका दमात आकडे म्हणा. एक, दोन..."

ताई सहापर्यंत गेली आणि थांबली. धडधाकट माणूस सहज तीसच्या पुढे जातो.

"मॅडम, रिपोर्ट नॉर्मल हाय," बाळाराम म्हणाला. पिशवी पुढे केली.

"रिपोर्ट नॉर्मल असेल, पेशंट नाहीये," डॉ. मोमीन म्हणाली. "सिस्टर, कॅन्टीनमधून बर्फ मागवा. जल्दी."

तिने रबरी ग्लव्हमध्ये बर्फ भरून डाव्या डोळ्यावर धरला. भूलतज्ज्ञ सामान लावत होते तेवढ्यात दोन मिनिटं झाली. ग्लव्ह काढला. डावी पापणी वर गेली होती. उजवी होती तशीच.

"बघा सिस्टर, मायस्थेनियाच असणार. थंडीने ताकद येते स्नायूला, थोडा वेळ."

सिस्टर बघत होत्या पापणीकडे. मी बघत होतो बर्फाकडे. दोन मिनिटांच्या गारव्याने डोळा उघडतो. माझ्या खोलीत ती अर्धा तास बसली होती.

श्वासाची नळी घालायच्या आधी डॉ. मोमीन म्हणाली, "देसले, आताच हाताची टेस्ट करून घ्या, हात शेकून." मी गरम पाण्याची पिशवी आणली. पहिल्यांदाच पाणी पडलं तिच्यात. जिना असा स्वच्छ उतरला की वॉर्डबॉयलाही कळावं.

सुनंदाताईला ठाण्याला हलवलं. तीन आठवडे व्हेंटिलेटर. पुढच्या गुरुवारी सरांनी मला बोलावलं. समोर दोन्ही रिपोर्ट.

"तेव्हा टेम्परेचर किती होतं?"

समोर लिहिलेलंच होतं. तरी त्यांनी विचारलं. म्हणजे शंका आली होती. दार उघडं होतं, मी आत जायचं होतं.

"तेहेतीस, सर."

"मग आजार नंतर वाढला असणार." त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे कुठल्याशा परिषदेत प्रोजेक्टचं पोस्टर लागलं, त्यावर सर्व रुग्णांचं तापमान नियमानुसार राखल्याचं छापलं होतं. खाली आभारात माझं नाव. मी ते घरी कोणाला दाखवलं नाही.

सरांचं म्हणणं अगदीच चूक नाही. आजाराच्या सुरुवातीला गरम हातातही ही टेस्ट कधी कधी नॉर्मल येते. या वाक्यावर मी बरेच दिवस काढले. पण सुरुवातीला काय आलं असतं ते आता कोणालाच कळणार नाही, आणि ते कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती.

यंदा सुनंदाताई फेरतपासणीला आली. गळ्यावर नळीच्या भोकाचा वण. गोळ्या वेळेवर घेते, घरचं काम करते, गोदामात परत घेतलं नाही. माझ्या टेबलावर तिने झाकणाचा डबा ठेवला.

"चिंबोऱ्या हायेत. खाडीच्या. तुमी मशीन लावली म्हनून कललं, भाऊ. न्हायतर मी गेली होती."

"अहो ताई, हे कशाला..."

"घ्या हो. आता बघा, एका दमात चालीसवर जाते मी." आणि ती तिथेच मोजायला लागली. बाळाराम शेजारी उभा राहून तिच्याबरोबर बोटांवर मोजत होता. चाळीसला दोघं हसले. मीही हसलो. डबा घेतला. चिंबोऱ्या खाल्ल्या. चव चांगली होती, हेही लिहितो.

नवीन टेक्निशियन शिकायला येतात त्यांना मी सांगतो, मोजलं नसेल तर रकाना रिकामा सोडा. रिकामा रकाना बघून कोणी तरी विचारतं. भरलेल्या रकान्याला कोणी विचारत नाही. मुलं वहीत लिहून घेतात. सरांचं हस्ताक्षर लागत नाही, तुमचं किती सुंदर आहे, म्हणतात.

एसी आता सव्वीसवर असतो. प्रोब नवा आहे. त्याने काही फिटत नाही. त्या प्रोजेक्टमध्ये नॉर्मल म्हणून परत पाठवलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलवा, असं पत्र मी सरांना द्यायचं आहे. आणि वळला जाऊन सुनंदाताईला, बाळारामसमोर, सांगायचं आहे की तुमचा पहिला रिपोर्ट खोटा होता आणि तो मी लिहिला. हे छापून आलं तरी ती वाचणार नाही. हे देणं अजून तसंच आहे.