बाबांच्या नावेवरची डिश

बुऱ्हाणपूरकरांनो, आज तापीच्या घाटावर जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

पूल झाल्यापासून बाबांची नाव घाटाला बांधलेलीच असते. तरी ते रोज दिवसभर तिच्यातच बसतात. आज मला सुट्टी, त्यात मॅच. म्हटलं, त्यांच्यासोबत नावेतच बघू. शिडाच्या बांबूला डिश बांधली, टीव्ही बॅटरीला जोडला. चित्र एकदम साफ!

ते बघून घाटावरची माणसं भराभर नावेत चढली आणि सगळी टीव्हीसमोर एकाच बाजूला बसली. नाव कलली, तिच्यासोबत डिश कलली, चित्र गायब. मी डिश फिरवून फिरवून घामाघूम झालो. लोक ओरडतायत, "अरे यार, लास्ट ओव्हर चालू आहे ना!"

बाबा शांतपणे उठले.

"ए पहलवान, तू मधी बस. ताई, तुम्ही त्या बाजूला सरका. उभं कोणी राहायचं नाही."

त्यांना डिशचं काही पडलं नव्हतं. पूल व्हायच्या आधी लोकांना पलीकडे नेताना भरलेल्या नावेत ते माणसं नेहमी अशीच बसवायचे. नाव सरळ झाली आणि चित्र परत आलं.

बाबांनी टीव्हीकडे एकदाही पाहिलं नाही. वल्हं मांडीवर घेऊन ते माणसांकडेच बघत होते. मॅच संपल्यावर प्रत्येकाला हात देऊन त्यांनी खाली उतरवलं.

मग मला हळूच विचारलं, "उद्या पण मॅच आहे का रे?"

बाबांना क्रिकेटमधलं काही कळत नाही. आणि उद्या मॅच नाहीये.

सांगा ना, उद्या काय लावू?