फोनबाईंच्या दारातला अंगठा

काचकाका थकले होते. दिवसभर राबलं, रात्री झोपलं की सकाळी माणूस पुन्हा ताजा होतो, ते थकणं वेगळं. यांचं थकणं सकाळी डोळे उघडायच्या आधीच अंगावर येऊन बसलेलं असायचं. चपला पायात सरकवायच्या म्हटलं तरी आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं नुसतं बसावं लागे. लेक परगावाहून रोज फोन करायची. "बाबा, पुरे झालं आता. छत्तीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्यात. तो हिरा ठेवा आणि इकडे या." हिरा म्हणजे अंगठीतला नव्हे हो, काच कापायचं एवढंसं हत्यार. "येतो गं, हातातलं काम संपलं की येतो," काका म्हणायचे. पण लोकांच्या काचा फुटायच्या काही थांबत नव्हत्या.

अशातच एक दिवस नवंच काम आलं. एका बाईंचा फोन. मागच्या अंगणात उघडणारं काचेचं दार आहे, त्यात मांजरासाठी झडप बसवून हवी. झडप त्यांनी आणूनही ठेवली होती.

"मांजरासाठी?" काकांनी दोनदा विचारलं.

"हो, मांजरासाठी. ऐकू नीट येतंय ना तुम्हाला?" बाई म्हणाल्या.

या बाईंना सगळी गल्ली फोनबाई म्हणे. टेलिफोनच्या कचेरीत एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून त्यांनी लोकांचे फोन जोडून दिले होते. आता सत्तरी उलटलेली, घरात एकट्या, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. सोबतीला एक करडा, लठ्ठ बोका. त्याचं नाव साहेब. नाव अगदी शोभून दिसत होतं, कारण काका घरात शिरले तेव्हा स्वारी चांगल्या खुर्चीवर पसरली होती आणि बाई स्टुलावर बसल्या होत्या.

काका दारापाशी गेले आणि थबकले. दार त्यांनीच बसवलेलं होतं. वीस-बावीस वर्षं झाली असतील, तेव्हा या घरात दुसरंच कुटुंब राहत होतं. घर विसरलं होतं, दार विसरलं नव्हतं. पिशवी खाली ठेवायच्या निमित्ताने ते वाकले आणि त्यांनी खालचा डावा कोपरा पाहिला. होता! रंगाचे दोन-तीन हात चढले होते, तरी अंगठा स्पष्ट दिसत होता.

हा अंगठा काकींचा. लाकडी चौकटीत काच बसवली की कडेने लांबी भरतात. लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेला लगदा, वाळला की दगडासारखा होतो. काच कापायचं काम काकांचं, लांबी भरायचं काकींचं. सगळं झालं की काकी खालच्या कोपऱ्यात ओल्या लांबीवर अंगठा दाबायच्या. जुन्या कारागिरांची तशी पद्धतच होती, काम कुणाचं ते कळावं म्हणून. बँकेत काकी सुरेख अक्षरात सही करायच्या; अंगठा फक्त लांबीत. "माझी सही बघा कशी पक्की," म्हणायच्या, "तुमच्या बँकेची शाई उडून जाईल, ही नाही जायची."

तीन वर्षांपूर्वी काकी गेल्या. त्यानंतर काका जुन्या घरांवरून जाताना दारांचे कोपरे बघत जायचे. पण लोकांनी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी आणि रबराच्या पट्ट्या बसवून घेतल्या होत्या, लाकडी दारं भंगारात गेली होती. शे-दोनशे अंगठ्यांपैकी एक सापडेल तर शपथ. आणि आज हा सापडला तर त्याच दाराला भोक पाडायचं! पाडताना काच तडकली तर ती काढावी लागणार, काच काढायची तर लांबी खरवडावी लागणार. मग संपलंच सगळं. आणि काकांचा हात आता पूर्वीचा राहिला नव्हता, हे काकांइतकं कुणाला ठाऊक?

त्यांनी टाळाटाळ सुरू केली. "बाई, भिंतीत भोक पाडलं तर? गवंडी बघून देतो चांगला."

"भिंतीत पाण्याचे नळ आहेत."

"मग ही काच टफन असणार. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की तिला भोक पडत नाही. हात लावला की भुगा."

"टफन असली की कोपऱ्यात शिक्का असतो, दुकानदाराने सांगितलंय मला. मी भिंग घेऊन चारही कोपरे पाहिलेत. शिक्का नाही."

बाईंनी काठी टेकवली आणि म्हणाल्या, "हे बघा, एकतीस वर्षं मी माणसांची तोंडं न बघता आवाज ऐकलेत. थाप मारायच्या आधी माणसाचा श्वास जरा अडकतो. तुमचा दोनदा अडकला. काम करायचं नसेल तर सरळ सांगा, मी दुसरा माणूस बघते."

दुसरा माणूस! तो तर फटाफट काच फोडून मोकळा होईल. काका मुकाट्याने खाली बसले आणि कोपऱ्यावर बोट ठेवून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

बाईंनी बसल्या जागेवरून त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "राहू द्या हो. साहेबांचं काय, मी आहे की दार उघडायला. चहा घेऊन जा."

एवढ्यात साहेबांनी दारापाशी येऊन गळा काढला. बाई उठल्या. उठल्या म्हणजे काय, आधी टेबलाची कड धरली, मग काठी, मग "आई गं" म्हणून एक गुडघा सरळ, मग दुसरा, मग भिंतीला हात लावत दारापर्यंत. दार उघडलं. साहेबांनी बाहेर नाक काढलं, हवा हुंगली आणि विचार बदलला. बाई परत येऊन टेकतात न टेकतात तोच पुन्हा हाक. पुन्हा टेबल, काठी, आई गं, भिंत. या खेपेला स्वारी बाहेर गेली आणि बाई अर्ध्या वाटेत असतानाच काचेवर पंजे मारू लागली.

"दिवसातून किती वेळा?" काकांनी विचारलं.

"मोजायचं सोडून दिलंय. गेल्या आठवड्यात इथेच पडले. उठायला दीड तास लागला. हे साहेब समोर बसून अंग चाटत होते."

काका बघत राहिले. राग आला त्यांना. त्या बोक्याचा, गुडघ्यांचा, स्वतःचा. काकी असत्या तर केव्हाच कमरेवर हात ठेवून म्हणाल्या असत्या, "अहो, ती बाई पडतेय आणि तुम्ही माझा अंगठा कसला कुरवाळत बसलाय?" हे त्यांना इतकं साफ ऐकू आलं, की त्यांनी पिशवी उघडली.

"बसा तुम्ही. आणि त्या साहेबाला धरा, त्याचं माप घ्यायचंय."

झडपेचा खालचा काठ मांजराच्या पोटाच्या उंचीला लागतो. साहेबांचं पोट नेमकं कुठे सुरू होतं यावर दोघांचा बराच वाद झाला. शेवटी काकांनी खूण केली, खुणेच्या मध्यावर रबरी वाटी चिकटवली आणि तिच्याभोवती हिरा फिरवून काचेवर गोल रेघ ओढली. रेघ एका दमात, एकसारखी उमटली. काकांना बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

खरी कसोटी पुढे असते. रेघ म्हणजे नुसता ओरखडा. पलीकडून हिऱ्याच्या दांडीने हलक्या हाताने टकटक करत तो ओरखडा काचेच्या आरपार न्यावा लागतो. आरपार गेला की टकटकीचा आवाज बदलतो, टणक होता तो बसका होतो. त्याच क्षणी हात थांबवून पुढे सरकायचं. छत्तीस वर्षांतली तेहतीस वर्षं काका एका बाजूने ठोकायचे आणि काकी दुसऱ्या बाजूला काचेला कान लावून उभ्या असायच्या. आवाज बदलला की म्हणायच्या, "धावली," म्हणजे रेघ आरपार गेली. काका पुढे सरकायचे. "धावली." पुन्हा पुढे. काकी गेल्यावर काकांनी भोकाची कामं घेतलीच नव्हती.

आता ते अंगणात बसले, काचेला एक हात लावला आणि ठोकू लागले. एक टकटक. दुसरी. हात वाट बघत होता. तेहतीस वर्षांची सवय, ती काय माणूस गेलं म्हणून जाते? तिसरी टकटक. पलीकडून कुणी काही म्हणत नव्हतं, म्हणून चौथी.

काच बोलली. रेघ सोडून एक तडा निघाला आणि सरळ खाली, डाव्या कोपऱ्यात, अंगठ्याखाली जाऊन थांबला.

काका पायरीवर बसून राहिले. हत्यार हातातच होतं.

दार ढकलून बाई बाहेर आल्या, काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. "दुसऱ्याच टकटकीला आवाज बसला होता," त्या म्हणाल्या. "मला आतून ऐकू आलं. तुम्ही थांबला का नाहीत?"

"ती सांगायची," काका म्हणाले. "ती सांगेल म्हणून वाट बघत राहिलो."

"काय सांगायच्या?"

"धावली."

बाईंनी मान हलवली. सॉरी वगैरे काही म्हणाल्या नाहीत, ते एक बरं केलं. "उद्या नवी काच आणा," म्हणाल्या. "मी ऐकते."

"कारखान्यात भोक पाडून मिळते, बाई. पंधरा दिवसांत येते."

"पंधरा दिवसांत मी चार वेळा पडेन. उद्या आणा."

तडकलेली काच दारात ठेवणं धोक्याचं. काकांनी लांबी खरवडली. तीन बाजू झाल्या, चौथी झाली, कोपरा सर्वांत शेवटी. पातळ सुरी आत सरकवून, श्वास धरून, टवका अख्खा निघावा म्हणून त्यांनी जिवाचा आटापिटा केला. तो तीन तुकड्यांत निघाला. मधल्या तुकड्यावर अंगठ्याच्या अर्ध्या रेषा होत्या. काकांनी तिन्ही रुमालात गुंडाळून खिशात घातले, दाराला फळी ठोकली आणि घरी गेले. त्या दिवशी लेकीचा फोन वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी नवी काच बाईंच्या जेवणाच्या टेबलावर, जाड चादरीवर आडवी झाली. भोकाची बाजू टेबलाच्या काठाबाहेर. वरून रेघ ओढून काका टेबलाखाली शिरले. त्या वयात टेबलाखाली शिरायचं म्हणजे नाकी नऊ आले. वर बाई खुर्चीत बसल्या, काचेवर कान वाकवून, डोळे मिटून. साहेबांना बाहेर कोंडलं होतं. त्यांचा आरडाओरडा चालू होता.

"सुरू करा," बाई म्हणाल्या.

टक. टक.

"धावली."

काकांचा हात आपोआप थांबला. शांत, स्पष्ट, एकतीस वर्षं सरावलेला तो आवाज. काकींचा तसा नव्हता, काकी घाईघाईने म्हणायच्या. पण शब्द तोच होता, आणि वरूनच आला होता. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. टेबलाखाली कोण बघतंय? त्यांनी वाहू दिलं आणि हात पुढे सरकवला.

"धावली."

गोल पुरा व्हायला पाऊण तास लागला. बाई एकदाही चुकल्या नाहीत. शेवटी मधला भाग तुकड्या-तुकड्याने काढून झाला तेव्हा भोकाची कड स्वच्छ होती.

काच चौकटीत उभी राहिली, झडप बसली. राहिली लांबी. काकांनी पायरीवर रुमाल सोडला आणि ते तीन तुकडे हातोडीने कुटायला घेतले. बाई म्हणाल्या, "अहो, हे काय करताय?" काका कुटतच राहिले. भुकटी झाली, तिच्यात जवसाचं तेल घातलं, मूठभर नवी लांबी घातली आणि मळत बसले. हात दुखत होते, मनगट तर बोंबलत होतं. मळता मळता गोळा मऊ झाला. सगळ्या कडा नव्या लांबीने भरल्या. खालच्या डाव्या कोपऱ्यात मात्र त्यांनी हा गोळा भरला आणि पट्टीने साफ केला. मग जरा थांबले. आजवर त्यांनी स्वतः कधी अंगठा उठवला नव्हता, ते काम त्यांचं नव्हतंच. त्यांनी हात पँटला पुसला आणि कोपऱ्यात अंगठा दाबला.

घरी पोहोचल्यावर त्यांनीच लेकीला फोन लावला.

"काल कुठे होतात, बाबा? जीव टांगणीला लावता नुसता."

"काम होतं गं. संपलं आता. शनिवारी येतो. हिरा फोनबाईंच्या फडताळात ठेवून आलो."

"कोण फोनबाई? आणि एकट्यानेच केलंत का एवढं काम? पाठ मोडून घेतली असेल."

"एकटा कुठला," काका म्हणाले. "दोघी होत्या ना बरोबर."